तोझ

या महिन्यात दोन पूर्णांक आठ ग्रॅम.
शुवैखच्या इमारतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी
एक उथळ ट्रे आहे, गोट्यांनी भरलेला.
हो, गोट्याच. काचेच्या, आपण खेळायचो तसल्या.
वारा आणतो ते त्या धरून ठेवतात.
पहिल्या तारखेला मी धुतो, गाळतो, वाळवतो, तोलतो
आणि वहीत आकडा लिहितो.
मुक्री, तंत्रज्ञ, दर्जा तीन. बारा वर्षं.

म्हसळ्याहून बहीण विचारते, तिकडे नक्की करतोस काय?
धूळ तोलतो म्हटलं तर म्हणते,
सोनाराकडे तोलत होतास तोच बरा होतास.

तळमजल्यावर एक यंत्र आहे.
धुळीच्या कणाला विचारायचं, गाव कुठलं तुझं,
आणि ते सांगतं म्हणे: दक्षिण इराक, आटलेली दलदल,
किंवा इथलंच, जहराच्या पलीकडचं.
म्हणे, कारण तीन वर्षं ते प्लास्टिकात आहे.
फीत कापली त्याचा फोटो भिंतीवर आहे.
जोडून देणारा माणूस यायचाय;
त्याच्या व्हिसाचा कागद एका टेबलावर आहे,
आणि टेबलाचा माणूस रजेवर.

वही सुरू केली डॉक्टर इद्रीस बाबिकरांनी,
ओमदुर्मानचे. तेलविहिरी विझून तेव्हा
तीन वर्षं झाली होती.
म्हणायचे, धुळीला घाई नसते,
तीस वर्षं तोललीत तर एक वाक्य बोलते.
करार मात्र दोन-दोन वर्षांचा.
असे चौदा करार एकाला एक शिवून
त्यांनी वाक्य क्रियापदापर्यंत आणलं होतं,
तेव्हा एका रविवारी सकाळी दोन ओळींची मेल आली.
गेले कैरोला, लेकीकडे.
स्वतःच्या गावाला जायची वाट त्या वर्षी बंद होती.

वहीत एकच महिना कोरा आहे. मे, संचारबंदीचा.
त्या चौकोनात त्यांनी अरबीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं,
मग पेन माझ्याकडे दिलं, तुझ्याही भाषेत लिही.
मी लिहिलं: मोजलं नाही.

नवे साहेब म्हणतात, सरासरी टाका तिथे,
आलेख फाटका दिसतो.
परवा पाहुणे प्राध्यापक येऊन गेले. वर्षातून एक आठवडा येतात,
समुद्राकडच्या खोलीत उतरतात,
लेखावर पहिलं नाव त्यांचं.
त्यामुळे जगाच्या यादीत आम्ही चाळीस पायऱ्या वर गेलो.
असू. गच्चीला बासष्ट आहेत,
आणि लिफ्ट तिथवर जात नाही.

आता दलाल येते.
हसू नका, मीही पहिल्यांदा हसलो होतो;
तिच्या भाषेत त्याचा अर्थ लाड.
ती इथली. तिला व्हिसा लागत नाही,
म्हणून तिला कुणी धूळ तोलायला सांगत नाही.
मामा म्हणतो, मंत्रालयात खुर्ची धर, दोनला घरी ये.
ती म्हणते, मला ट्रे धुवायला शिकवा.
शिकवलं. पहिल्यांदा निम्मी धूळ सिंकमध्ये गेली.
दुसऱ्यांदाही थोडी गेलीच.

माझा करार मार्चमध्ये संपतो.
पुढे काय, ते अजून कुणी बोललेलं नाही.

काल दुपारी आभाळ विटकरी झालं,
खाडीपलीकडचे मनोरे पुसले गेले.
जिन्यातून ती ओरडली, तोझ! तोझ आला!
इथे अशा वादळाला तोझ म्हणतात.
बारा वर्षांपूर्वी पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये
हाच शब्द ऐकून मी चमकून मागे वळलो होतो,
वाटलं, कुणीतरी मराठीत म्हणालं, तुझं.

आज सकाळी दोघं वर गेलो.
ओढणी नाकाला बांधून ती उकिडवी बसली,
ट्रेवर बोट न लावता, ओठ हलवत मोजत राहिली.
बराच वेळ.
एक गोटी कमी आहे, म्हणाली.

लिहून ठेव, म्हटलं.